उन्हाळ्याआधी छत्रीचा हिशेब

व्यापाराच्या पानावर छत्रीविषयी लिहावे, हे काही वाचकांना हलके वाटेल. सुताचे भाव, यंत्रमागाची वीज, कर आणि कर्ज या विषयांच्या पंक्तीला छत्री कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी पक्क्या दुकानात पंख्याखाली बसून धंदा करणारे किती आणि उघड्यावर बसणारे किती, याचा विचार ज्याने त्याने करावा. कटपीस, तयार कपडे, टोप्या, अत्तर, फळे, चपला विकणारे हातगाडीवाले आणि पथारीवाले आहेत. कुलपाच्या चाव्या करणारे, घड्याळ दुरुस्त करणारे, रस्त्याच्या कडेला शिलाई मशीन मांडून बसणारे कारागीर आहेत. या सर्वांचे दुकान म्हणजे चार हात जागा आणि डोक्यावरची एक मोठी छत्री. तीच त्यांची भिंत आणि तेच त्यांचे छप्पर.

असे असूनही ही छत्री कशी घेतली जाते? मार्च महिना लागतो, ऊन चटकू लागते, मग एखाद्या दुपारी घाईघाईने बाजारात जाऊन जी स्वस्त मिळेल ती उचलली जाते. गिऱ्हाईकाला कापड दाखवताना पोत, पन्हा आणि रंगाचा पक्केपणा यांवर तासभर बोलणारा आपला व्यापारी स्वतःच्या डोक्यावरचे कापड मात्र बोट लावूनही पाहत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, उघड्यावर धंदा करणाऱ्याने छत्री किरकोळ खर्चात न धरता भांडवलात धरावी, आणि ती किंमत पाहून नव्हे तर कापड पाहून घ्यावी. आमची उमर कापडाच्या धंद्यात गेली आहे, म्हणून हा विषय आम्ही कापडाच्या बाजूने मांडतो.

छत्री मुळात उन्हाची

आपल्याकडे छत्री म्हटली की पाऊस आठवतो. शब्द मात्र वेगळे सांगतात. अरबीत छत्रीला ‘शम्सिया’ म्हणतात. शम्स म्हणजे सूर्य. फारसीतला ‘आफताबगीर’ म्हणजे ऊन झेलणारा. हाच शब्द मराठीत येऊन ‘अबदागीर’ झाला आणि राजेरजवाड्यांच्या मिरवणुकीत चालू लागला. दिल्लीच्या सुलतानांच्या दरबारातही ‘चत्र’ हे राजचिन्हच होते. इंग्रजी ‘अंब्रेला’ या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधली सावली आहे. एकेकाळी डोक्यावर सावली धरून घेणे हा बादशहांचा मान होता. आज ती हातगाडीवाल्याची रोजची गरज आहे.

हे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. पावसाची छत्री आणि उन्हाची छत्री यांचे काम वेगळे, म्हणून त्यांचे कापडही वेगळे हवे. पाऊस अडवायला कापडावर पाणी न शोषणारा लेप पुरतो. ऊन अडवायला विणीचा घट्टपणा, धाग्याची जात आणि रंगाचा पक्केपणा हे तिन्ही लागतात. पावसात एक थेंब न गळणारी पातळ छत्री मे महिन्याच्या उन्हात निम्म्या कामाचीही ठरत नाही, याचे कारण हेच.

ऊन काय काय नेते

पहिले नुकसान मालाचे. उघड्यावर ठेवलेल्या कापडाची घडी जिथे उन्हाकडे असते तिथे फिका पट्टा पडतो. आतला सगळा माल चांगला असला तरी तो पट्टा दिसला की नग कटपीसच्या भावाने जातो. गडद निळा, जांभळा, गुलाबी अशा रंगांत हा पट्टा लवकर उठून दिसतो. कापडच नव्हे, तर अत्तराच्या बाटल्या, चामड्याच्या चपला, रबरी तळवे, खजूर आणि प्लास्टिकची खेळणी या सर्वांचे ऊन नुकसान करते. हे नुकसान रोज थोडे थोडे होते, त्यामुळे वहीत कुठे लिहिले जात नाही.

दुसरे नुकसान शरीराचे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या मैदानावर मोठ्या कार्यक्रमासाठी जमलेले लोक कित्येक तास उघड्यावर बसले. त्यातील अनेकांना उष्माघात झाला आणि १४ जणांचा जीव गेला. तो एका दिवसाचा कार्यक्रम होता. आपला हातगाडीवाला रोजच तसा बसतो. रमजान उन्हाळ्यात आला की गोष्ट आणखी अवघड होते. २०१८ साली रमजान मे महिन्याच्या मध्याला लागला, तेव्हा भर उन्हात रोजा धरून उघड्यावर बसलेल्या दुकानदाराला पाण्याचा आधार नव्हता. होता तो फक्त सावलीचा.

तिसरे नुकसान गिऱ्हाईकाचे. डोक्यावर ऊन लागत असताना कोणी उभे राहून चार नग पाहत नाही. सावलीत मात्र माणूस दोन मिनिटे जास्त थांबतो, आणि किरकोळ धंद्यात त्या दोन मिनिटांतच सौदा होतो. म्हणून छत्री फक्त मालापुरती न घेता समोर उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाईकालाही पुरेल अशी घ्यावी.

कापड कसे पाहावे

बाजारात मोठ्या छत्रीसाठी साधारण पाच-सहा जातींचे कापड दिसते. त्यांचे गुणदोष असे.

सुती कॅनव्हास: सावली दाट पडते आणि कापडातून हवा खेळते, म्हणून खाली बसणाऱ्याला बरे वाटते. पण ते जड असते, पाणी पिते, आटते आणि ओले राहिले तर कुजते. रोज घडी करून घरी नेणाऱ्याला परवडते. बारा महिने बाहेर ठेवणाऱ्याला नाही.

नायलॉन: हलके आणि ओढायला मजबूत, म्हणून नवे असताना मन भुलते. मात्र उन्हात नायलॉनचा धागा लवकर कमजोर होतो. उन्हाच्या छत्रीसाठी ते घेऊ नये.

पॉलिएस्टर: आपल्या धंद्याला बहुतेक ठिकाणी हेच योग्य. उन्हातील अपायकारक किरण अडवण्यात ते साध्या सुती कापडापेक्षा सरस असते, वाळते लवकर आणि आटत नाही. फक्त वीण घट्ट हवी आणि वजन हवे. हातात घेताच सुळकन घसरणारे पातळ पॉलिएस्टर हे अस्तराचे कापड, छत्रीचे नव्हे.

ॲक्रिलिक: यातील उत्तम जातीत धागा तयार होण्यापूर्वीच रसात रंग मिसळलेला असतो. त्यामुळे गुळाच्या ढेपेसारखा आतबाहेर एकच रंग, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. किंमत जास्त असते, पण ज्याची जागा कायमची आहे त्याने विचार करावा.

प्लास्टिकचा जाड थर दिलेले कापड आणि ताडपत्री: पाणी थेंबभर येत नाही, पण हवाही जात नाही. खाली भट्टी होते. शिवाय स्वस्त ताडपत्री एक-दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तिचे पापुद्रे गळू लागतात, आणि ते मालावर पडतात.

शेतीची हिरवी जाळी: नर्सरीसाठी ही ठीक. पन्नास टक्के सावलीची जाळी म्हणजे निम्मे ऊन खाली येणारच. बाजूच्या आडोशाला ती चालेल, डोक्यावर एकटी पुरत नाही.

परीक्षा करायला प्रयोगशाळा लागत नाही. कापड सूर्याकडे किंवा प्रखर दिव्याकडे धरावे. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके जितके कमी दिसतील तितकी वीण चांगली. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. रंग उतरला तर पहिल्याच पावसात तो मालावर टपकणार. लेप दिलेले कापड असेल तर मूठभर चुरगाळून पाहावे. लेपाला भेगा पडल्या तर तो घडीच्या जागी सर्वांत आधी जाईल. आणि शिवणीच्या दोन्ही बाजू धरून जरा ताणावे. टाक्यांमधून उजेड दिसू लागला तर शिलाई कच्ची.

रंगाच्या पक्केपणासाठी आपल्या धंद्यात निळ्या लोकरीची मोजपट्टी वापरतात. निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीचे आठ तुकडे असतात. पहिला सर्वांत लवकर विटणारा, आठवा सर्वांत टिकाऊ. तपासायचे कापड त्यांच्या शेजारी ठेवून उजेडात धरतात आणि ते कोणत्या तुकड्याबरोबर विटते हे पाहून त्याला दर्जा देतात. प्रत्येक पुढची पायरी साधारण दुप्पट काळ टिकते. म्हणजे तिसऱ्या दर्जाचे कापड आणि सहाव्या दर्जाचे कापड यांत दुपटीचा नव्हे, सुमारे आठपटींचा फरक पडतो. घाऊक माल घेणाऱ्याने गिरणीला किंवा दलालाला हा दर्जा विचारायला संकोच करू नये. एकच छत्री घेणाऱ्याने घरचा उपाय करावा. कापडाचा एक तुकडा घ्यावा, अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बांधावा आणि पंधरा-वीस दिवस गच्चीवर ठेवावा. पुठ्ठा काढला की कापड स्वतःच बोलेल.

काही मालावर ‘यूपीएफ ५०’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ असा की, वरून येणाऱ्या अपायकारक किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे फक्त दोन टक्के, त्या कापडातून पार होतो. या मोजणीचा नियम प्रथम ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ साली घालून दिला. शिक्का खरा असेल तर उपयोगी आहे, पण तो कापडापुरताच बोलतो. बाजूने आणि जमिनीवरून उसळून येणाऱ्या उजेडाचा त्यात हिशेब नसतो.

फुकटची लाल छत्री

आता रंगाविषयी, कारण येथेच आपले सर्वांत जास्त नुकसान होते. थंड पेयांच्या, मोबाइलच्या, सिगारेटच्या आणि साबणाच्या कंपन्या आपल्या नावाच्या छत्र्या फुकट किंवा नाममात्र किमतीत देत आल्या आहेत. आपला माणूस ती आनंदाने घेतो. हा सौदा नीट पाहावा. कंपनीला तिचे नाव दुरून दिसावे एवढेच हवे असते. तुमच्या मालाचा रंग टिकावा याची तिला काळजी नाही. कापड बहुधा पातळ, रंग भडक.

भडक रंगाच्या पातळ छत्रीखाली उजेड त्याच रंगाचा होतो. लाल छत्रीखाली पांढरा सदरा गुलाबी दिसतो, हिरवे कापड मळकट दिसते. निळ्या छत्रीखाली ताजे टोमॅटोही शिळे वाटतात. गिऱ्हाईक एक रंग पाहून नग घेऊन जाते आणि घरी दिव्याखाली दुसराच रंग निघतो. मग ते परत येते, वाद होतो. किंवा परत येतच नाही, ते त्याहून वाईट. दुकानदाराने बेइमानी केलेली नसते, तरी गिऱ्हाईकाच्या मनात तो बेइमान ठरतो. गिऱ्हाईकाचा भरवसा हे आपले खरे भांडवल. ते एका फुकट छत्रीसाठी गहाण का टाकावे?

म्हणून कापड, कपडे, फळे, भाजी किंवा दागिन्यांचा धंदा असेल तर छत्री पांढरट, साय रंगाची किंवा करडी घ्यावी. येथे एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. सारख्या विणीच्या दोन कापडांत गडद रंग अपायकारक किरण जास्त अडवतो, पण स्वतः तापतो आणि ती ऊब खाली सोडतो. फिका रंग कमी तापतो, पण पातळ असला तर किरण आत सोडतो. यावर उपाय दोन: फिका रंग घ्यायचा तर कापड जाड आणि घट्ट विणीचे घ्यावे, किंवा वरून चंदेरी लेप व खालून करडे अस्तर असलेले घ्यावे. ज्याच्या धंद्यात मालाच्या रंगाला महत्त्व नाही, म्हणजे चावीवाले, घड्याळवाले, चप्पल शिवणारे, त्यांनी बेशक गडद घ्यावी, मात्र जरा उंच लावावी.

सावली किती आणि कुठे

दुकानदार छत्रीचे जे इंच सांगतो ते अनेकदा काडीच्या लांबीचे असतात, पूर्ण रुंदीचे नव्हे. ४८ इंची काडीची छत्री उघडल्यावर जेमतेम आठ फुटांची होते, तीही कमानीमुळे थोडी कमीच. म्हणून छत्री उघडून, टेप लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून घ्यावी. सात फुटांच्या छत्रीची सावली सुमारे ३८ चौरस फूट, आठ फुटांची सुमारे ५०. रुंदीत एक फूट वाढला की सावली जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते. किमतीतला फरक या हिशेबाने पाहावा.

पण छत्री केवढीही घेतली तरी सावली एका जागी बसत नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. मुंबईत १५ मेच्या सुमारास उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या वेळी छत्रीची सावली बरोबर तिच्या खाली असते. पावणेचारच्या सुमारास सूर्य निम्म्यावर उतरतो आणि सावली छत्रीच्या उंचीइतकी पूर्वेला सरकते. पाच वाजता ती दुप्पट सरकते. हातगाडीचा माल जमिनीपासून तीन फूट आणि छत्री सात फूट असेल, तर मधले अंतर चार फूट. म्हणजे पावणेचारला सावली चार फूट आणि पाचला आठ फूट दूर. आठ फुटांची छत्रीसुद्धा पाच वाजता मालावर राहत नाही. जमिनीवर पथारी असेल तर मधले अंतर पूर्ण सात फूट होते आणि सावली त्याहून आधी निघून जाते.

यावरचा इलाज जुना आणि स्वस्त आहे: कनात. छत्रीच्या पश्चिमेच्या कडेला दोन-तीन हुक शिवून घ्यावेत आणि दुपारी तीननंतर तिथे फिक्या रंगाचे जाड कापड सोडावे. सकाळी तेच पूर्वेला. दांडा वाकवता येणारी छत्री असेल तर ती सूर्याकडे कलती करावी. बाजूचा उजेड किती घातक असतो याची परीक्षा अमेरिकेत टेक्सास राज्यात झाली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पाण्याकाठी साडेतीन तास फक्त छत्रीखाली बसलेल्यांपैकी ७८ टक्के लोकांची कातडी कुठे ना कुठे उन्हाने भाजली. ऊन वरूनच येते ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी.

सांगाडा, वजन आणि वारा

काड्या लोखंडी असतील तर त्यांवरचा मुलामा पाहावा. सांध्यापाशी गंज असेल तर नवी छत्रीही जुनीच समजावी. कोकणात आणि मुंबईत खारी हवा लोखंड लवकर खाते; तिथे फायबरच्या काड्या बऱ्या. दांड्याची नळी बोटाने दाबून वाकत असेल तर ती वाऱ्यात नक्की वाकेल. काड्यांच्या टोकांना टोप्या असाव्यात आणि टोके माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ नयेत. गिऱ्हाईकाच्या डोळ्याला इजा झाली तर तिची भरपाई कोणत्याही नफ्यातून होत नाही.

मे महिन्यात दुपारी वळवाचा वारा उठतो तेव्हा छत्री शिडासारखी होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे ध्यानात ठेवावे. म्हणून माथ्यावर हवा जायला झरोका ठेवलेली दुपदरी छत्री घ्यावी, बुडाला वाळूची पोती किंवा सिमेंट भरलेला डबा ठेवावा, आणि हातगाडी असेल तर दांडा दोन ठिकाणी बांधावा. एका ठिकाणी बांधलेला दांडा फिरतो. पण खरा इलाज एकच: आभाळ दाटले, धूळ उडू लागली की छत्री मिटावी. विजा चमकत असताना लोखंडी दांड्याजवळ बसू नये, आणि विजेच्या तारांखाली उंच छत्री कधीही लावू नये.

निगा

छत्री उन्हाने झिजते त्याहून जास्त आळसाने झिजते. रोज संध्याकाळी मिटण्याआधी कोरड्या ब्रशाने धूळ झटकावी, कारण घडीत अडकलेली धूळ कानसीसारखी कापड घासते. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी पुसावी. तिचा डाग बसला की तिथला लेप जातो. महिन्यातून एकदा साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. धुण्याची कडक पावडर, ब्लीच आणि उकळते पाणी वर्ज्य. पिळू नये, उघडी ठेवून सावलीत वाळवावी.

ओली छत्री मिटून ठेवणे हा सर्वांत मोठा गुन्हा. एका रात्रीत वास येतो, दोन-चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते ठिपके पुन्हा निघत नाहीत. नाइलाजाने मिटावी लागली तर घरी नेऊन पुन्हा उघडावी. सांध्यांना शिलाई मशीनचे तेल एक-एक थेंब द्यावे आणि जास्तीचे लगेच पुसावे, नाहीतर तेलाचा डाग गिऱ्हाईकाच्या डोक्यावर दिसतो. शिवण उसवली तर ती वाढण्याआधी पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्याने शिवून घ्यावी. सुती दोरा उन्हापावसात कुजतो. काडीच्या टोकाशी कापड फाटते तिथे सुरुवातीलाच दुहेरी ठिगळ लावून घेतले तर छत्री एक हंगाम जास्त चालते.

आता हिशेब. समजा, एक छत्री हजार रुपयांची आणि ती एक उन्हाळा टिकते. दुसरी अडीच हजारांची आणि नीट निगा राखली तर चार उन्हाळे. पहिलीचा खर्च वर्षाला हजार, दुसरीचा सव्वासहाशे. स्वस्त छत्रीखाली विटलेल्या मालाचा तोटा यात धरलेलाच नाही. जो व्यापारी सुताच्या भावात पाच पैशांचा फरक पाहतो त्याला हा फरक दिसू नये याचे आश्चर्य वाटते.

हक्क आणि जबाबदारी

आमचे काही बांधव म्हणतात, चांगली छत्री घेऊन करायचे काय? उद्या पालिकेची गाडी येते आणि उचलून नेते. ही भीती खरी आहे, पण कायदाही माहीत असावा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार माल जप्त करताना त्याची यादी करून विक्रेत्याला तिची प्रत द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत सोडायचा असतो. छत्री त्या यादीत लिहून घ्यावी आणि विकत घेतानाची पावती जपून ठेवावी. याच कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावेत असे सांगितले आहे. तिथे आपल्या माणसांनी जावे आणि सावलीचा प्रश्न मांडावा. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेनंतर तिथल्या महापालिकेने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. आपल्या शहरांतील आराखड्यांत उघड्या बाजाराच्या सावलीची सोय आहे की नाही, हे आपणच विचारायला हवे.

जबाबदारीही आहे. आपली छत्री शेजाऱ्याच्या जागेत जाऊ नये, पायी चालणाऱ्याची वाट अडू नये. चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एका उंचीच्या, एका रंगाच्या छत्र्या लावल्या तर सावली सलग पडते, रस्ता मोकळा राहतो आणि तक्रारही कमी होते. छत्री केवढीही चांगली असली तरी ती हवा थंड करत नाही. पाणी जवळ ठेवावे. शेजारचा माणूस असंबद्ध बोलू लागला, कातडी तापली, डोळे फिरले, तर त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी मारावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्या वेळी गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

धंदा आपल्या दारात

शेवटी एक गोष्ट कारखानदार आणि शिंपी बांधवांसाठी. छत्रीच्या धंद्याशी आपली ओळख जुनी आहे. मुंबईतील इब्राहिम करीम अँड सन्स ही ‘स्टॅग’ छापाची पेढी १८६० सालची. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे हजारो माग चालतात. घट्ट विणीचे जाड कापड विणणे आपल्या विणकराला कठीण नाही. आठ कळ्या कापून त्या एकत्र शिवणे आपल्या शिंप्याला कठीण नाही. सांगाडा चांगला असेल तर फक्त वरचे कापड बदलून देण्याचा धंदाही होऊ शकतो, आणि त्यात गाडीवाल्याचा पैसा वाचतो. असे असताना आपल्याच गल्लीत परगावची पातळ छत्री विकली जाते आणि आपला विणकर मंदीचे रडगाणे गातो, हे बरे नव्हे.

एखाद्या बाजारातील वीस-पंचवीस गाडीवाल्यांनी एकत्र येऊन मागणी नोंदवावी, एका विणकराकडून ताके घ्यावेत, दोन शिंप्यांना काम द्यावे. फेब्रुवारीत कापड ठरवावे, मार्चआधी शिवून घ्यावे. दलालीचा पैसा वाचेल तो जाड कापडात घालावा. पहिल्या वर्षी नफा थोडा दिसेल. पण मालाचा रंग टिकेल, माणूस टिकेल आणि कामही गावातच राहील. उन्हाळा दरवर्षी येणारच आहे. त्याची तयारी थंडीत करणारा व्यापारीच मे महिन्यात गल्ल्यावर शांतपणे बसलेला दिसतो.